अव्वाच्या मांडीवरचा माइक

लातूर, ४ मार्च १९८७

सौ. शिवकांता हीस,

तुझं कार्ड पोचलं. ‘वीरभद्रने कळवलं की अव्वाच्या शेवटच्या दर्शनाची व्हिडिओ काढली आहे. मला बघायची आहे. कॅसेट पाठवावी.’ वर नमस्कार नाही, खाली सही नाही. आणि उघडं कार्ड, म्हणजे आधी पोस्टमनने वाचलं, मग मी.

कॅसेट मिळणार नाही.

ज्यांना अव्वाचं तोंड बघायचं होतं ते त्या दिवशी आले. अहमदपूरची मंडळी एस.टी.त उभ्याने आली. चाकूरची शिवम्मा मावशी, जिला अंगणापर्यंत जायला दोघांचा आधार लागतो, ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आली. नांदेडहून लातूरला यायला काय समुद्र लागतो? तार मी स्वतः जाऊन केली. ज्या खात्यात मी जन्म घालवला त्या खात्याची तार पोचली नाही, असं मला तरी सांगू नकोस.

‘अक्का, तू अव्वाला कोंडून ठेवलंयस, आता मी या घरात पाय ठेवणार नाही,’ असं म्हणून तू मागच्या उन्हाळ्यात गेलीस. कशावरून, तर अव्वाला तुझ्याकडे विष्णुपुरीला पाठवलं नाही म्हणून. तुमच्याकडे धरण आहे, नळ आहे, नवऱ्याच्या कॉलेजचा डॉक्टर आहे. आमच्याकडे टँकर आहे, तोही आला तर. सगळं मान्य. पण अव्वाला जायचं नव्हतं, आणि तू शब्दाची पक्की निघालीस. शाबास.

व्हिडिओची कल्पना माझी नव्हती. अण्णाच्या वीरभद्रला शारजाहून येता येईना. त्यानेच दिवाळीत पाठवलेला कॅमेरा कपाटात पडून होता. अण्णा म्हणाला, “पोरगं तिकडं फोनवर रडून राहिलंय अक्का. आजीला बघू दे की त्याला.” मग सिद्धरामला बोलावलं. तोच, लाउडस्पीकरवाला. लातूर जिल्हा झाल्यापासून त्याच्या दुकानावर ‘व्हिडिओ शूटिंग’ अशीही पाटी लागली आहे. जिल्हा झाल्यापासून इथे सगळ्यांच्या पाट्या मोठ्या झाल्या. नळाला पाणी यायचं तेवढं राहिलं.

सिद्धरामचं म्हणणं, कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकवर विसंबू नये, तो शेजारच्याचा खोकला धरतो आणि स्वामींचा मंत्र सोडतो. म्हणून त्याने भजनाचा मिक्सर आणला. मिक्सर म्हणजे एक चपटी पेटी. सगळ्या माइकच्या वायरी तिच्यात जातात आणि एकच वायर बाहेर निघते, ती कॅमेऱ्यात खुपसायची. (‘मिक्सर आणा रे’ हे ऐकून शेजारची साखराबाई भिजवलेली डाळ घेऊन आली. मयताच्या घरी.) एक माइक भजनवाल्यांपुढे ठेवला. दुसरा अव्वाच्या मांडीवर, फुलांखाली. स्वामी कानात पंचाक्षरी सांगतात ती नीट यावी म्हणून.

अव्वाला भिंतीशी बसवलं होतं, आपल्यात बसवतात तसं. तळहातावर लिंग, कपाळभर विभूती. पण मान ठरेना. स्वामी म्हणाले, भिंतीतल्या खुंटीला कापडाने बांधून घ्या. मी म्हटलं, ती माझी आई आहे, कंदील नाही. मग मागे चादर धरायला लावली, आणि तिला न्यायचं विमान सजून खांद्यावर उचलेपर्यंत चादरीआड बसून मी तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. ते हात माझे होते. तुझे नव्हते.

शिवाय आवाज खराब आला आहे. बघण्यासारखं काही नाही.

महानंदा


लातूर, २३ मार्च

सौ. शिवकांता हीस,

या खेपेला पाकिटात लिहिलंस. सुधारणा आहे. ‘आवाज नसला तरी चालेल, मला तिचं तोंड बघायचं आहे,’ म्हणतेस.

कॅसेट यंत्रात अडकली आहे. फीत चुरगळली.

हे वरचं वाक्य खोटं आहे. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात खोटं बोलणाऱ्या मुलीला सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभं करत. या वयात मला भिंतीकडे बघायची हौस नाही, म्हणून खरं सांगते. कॅसेट चांगली आहे. मी ती रोज दुपारी लावते.

आवाज खराब आहे, हे मात्र खरं. भजन सुरू होतं तेव्हा पत्रा फाडल्यासारखं वाटतं. मिक्सरमधून निघणारा आवाज कर्णे वाजवण्याइतका जोरकस असतो, आणि कॅमेऱ्याचं भोक बारीक माइकच्या बारीक आवाजासाठी केलेलं. घागरभर पाणी चिमुकल्या लोटीत ओतल्यावर काय होणार? सिद्धरामला मी हे सांगितलं तर म्हणतो, “बाई, मी हेडफोन लावूनच बसलो होतो. एकदम क्लीन होता आवाज.” हेडफोन लावला होता मिक्सरला. कॅमेरा काय टिपून घेतोय, ते त्याने एकदाही ऐकलं नाही. चुलीपाशी बसून पंगतीतल्या जेवणाची चव सांगणारा माणूस.

मग कुणीतरी आवाज फाटतोय म्हणालं, तेव्हा त्याने मिक्सरची मुख्य चावी जवळजवळ बंद केली. आणि खरी गंमत तिथे सुरू झाली. या घरगुती कॅमेऱ्यात आवाज आपोआप कमीजास्त करायची सोय आहे आणि ती बंद करता येत नाही. मोठा आवाज आला की कॅमेरा तो दाबतो. शांत झालं की त्याला वाटतं आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून तो आपला कान मोठा करत जातो. आणखी मोठा. आणखी. विहिरीचं पाणी उतरत गेलं की तळातली एकेक वस्तू दिसायला लागते, तसं होतं. भजन थांबतं, फीत खरखरायला लागते, आणि त्या खरखरीतून वर येतात रांगेतल्या घागरी, औसा रोडवर बोअर घेणारं यंत्र, कुणाची तरी बांगडी, फुलावर चालणारी माशी. माशीचे पाय ऐकले आहेस कधी? मी ऐकते. रोज.

आणि आणखी एक आहे.

मला आवाजातलं कुणी शिकवू नये. टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर दोन गावं जोडून मी त्यांच्या मधे बसायची. हेडफोनमध्ये दोघांच्या आवाजाबरोबर आपला स्वतःचा आवाजही परत येत असतो. नवी मुलगी त्याने गडबडते. मग काही दिवसांत तो तिला ऐकू येईनासा होतो. यायलाच नको, नाहीतर दुसऱ्याचं ऐकता येत नाही. मी चांगली ऑपरेटर होते.

एवढंच कळव. अव्वा तुला शेवटची ‘शिऊ’ कधी म्हणाली? कारण विचारू नकोस.

महानंदा


लातूर, ८ एप्रिल

चि. सौ. शिवकांतास,

तू लिहिलंस ते वाचलं. मागच्या उन्हाळ्यात तू निघालीस तेव्हा अव्वा दारात म्हणाली, ‘शिऊ, पुन्हा कधी येशील,’ आणि तू उत्तर दिलं नाहीस. आणि तार मिळाली होती. तू नांदेडच्या स्टँडवर येऊन बसली होतीस, लातूरची गाडी लागली, भरली, सुटली, आणि तुला उठवेना.

यावर मला जे बोलायचं होतं ते मी तीनदा लिहून फाडलं. पुढचं ऐक.

स्वामी अव्वाच्या कानात पंचाक्षरी सांगून सरळ होतात. भजनवाले अजून पुन्हा सुरू करायचे असतात. खोली गप्प होते. कॅमेरा कान मोठा करतो. खरखर चढते. आणि मांडीवरच्या माइकमधून, अगदी जवळून, अव्वाचा आवाज येतो: “शिऊ. शिऊ, आली का?”

पुढे आणखी दोनदा. प्रत्येक वेळी गप्प झाल्यावरच.

तुझ्या मनात जे येईल ते आधीच काढून टाकते. अव्वा पहाटेच गेली होती. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं होतं. ती माझ्या हातात होती आणि गार होती. जिवंत माणसाला आपण मातीत बसवलं नाही. ही शंका एक दुपार माझ्याही मनात होती, आणि तशी दुपार मी वैऱ्याला देणार नाही.

मग मी सिद्धरामला बोलावून ऐकवलं. तो म्हणाला, “पोलिसाचं वायरलेस घुसलं असंल बाई. नवा जिल्हा, नवं एस.पी. हापिस. लई पॉवर असती त्यांची.”

“पोलीस वायरलेसवरून शिऊला हाका मारतात का रे?”

“न्हाई, तसं न्हाई. मंग आकाशवाणी असंल.”

अण्णाने ऐकलं आणि टीव्हीकडे पाठ करून बसला. “पुसून टाक अक्का. कोरी कर. कुणाच्या लग्नाला तरी कामाला येईल.” स्वामींना विचारलं तर तेही तेच म्हणाले, पण वेगळ्या कारणाने. “अव्वा लिंगैक्य झाल्या. शिवात मिळालेला जीव माघारी येऊन हाका मारत नसतो, महानंदा. आपल्यात तसलं काही नाही. मग हे जे हाका मारतंय ते अव्वा नव्हे. त्याला घरात ठेवून घेऊ नका.”

मी लाल बटणावर बोट ठेवून बसले होते. पुसायला काय लागतं, एकदा दाबायचं. दाबवलं नाही.

खरं सांगू का? भीती नंतर वाटली. आधी संताप आला. नऊ वर्षं तिला न्हाऊ घातलं कुणी? टँकरवर बायकांशी भांडून तिच्या आंघोळीची एक घागर वेगळी काढली कुणी? आणि मेल्यावर तोंड उघडलं ते तुझ्यासाठी. तीन हाका, तिन्ही तुला. ‘नंदा’ एकदाही नाही. तिसरी हाक आली की मी दात खाऊन तिथेच यंत्र बंद करते. त्यापुढची फीत मी आजवर पाहिलेली नाही.

म्हणून कॅसेट पाठवत नव्हते. कळलं? तू लहानपणी माळवदावर जाऊन बसायचीस. अव्वा खालून हाका मारायची, तू वरून होकाराचं ‘हाव’ म्हणायचीस आणि जागची हलायची नाहीस. मग मलाच वर पाठवायची. ‘हाव म्हनती आन् तिथंच बसती, जा गं नंदा, घेऊन ये तिला.’ सगळा जन्म माझा त्या जिन्यावर गेला.

पण मी न तपासता काही मानत नाही. एकदा तपासणार आहे.

महानंदाक्का


लातूर, २२ एप्रिल

चि. शिवकांता,

परवा तपासलं.

सिद्धरामला भरदुपारी बोलावलं. टँकर येऊन गेला होता, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तोच मिक्सर, त्याच वायरी, तोच कॅमेरा. भिंतीशी पाट मांडला. पाटावर कोणी नाही, तिथे नुसता अव्वाच्या मांडीवरचा माइक ठेवला. मागे तीच चादर. सगळं तसंच हवं म्हणून मी चादरीआड माझ्या जागेवर बसले. हेडफोन या वेळी मिक्सरला नाही, कॅमेऱ्याला लावायला लावला, आणि तो माझ्या कानावर. सिद्धराम टेपवर भजन वाजवणार आणि मी खूण केली की बंद करणार, असं ठरलं.

“बाई, हे कशापायी करून राहिलो आपण?”

“वायरलेस पकडायला. तूच म्हणालास ना.”

भजन वाजलं. मी चादरीबाहेर हात काढला. भजन थांबलं. कानात खरखर चढायला लागली. दूरचं बोअरचं यंत्र आलं. भिंतीवरच्या पालीची चुळबुळ आली. मग, जवळून:

“शिऊ. शिऊ, आली का?”

मी हेडफोन ओढून काढला. “ऐकलंस?”

“ऐकलं की.”

“कसं ऐकलंस? हेडफोन माझ्या कानाला आहे.”

सिद्धराम माझ्याकडे असा बघत होता, जसं आजाऱ्याकडे बघतात. म्हणाला, “बाई, आत्ता तुमीच बोलला की. चादरीमागून. मला हितं बसून ऐकू आलं.”

मी त्याला मूर्ख म्हटलं. आणखीही काही म्हटलं, ते लिहीत नाही. मग फीत मागे घेऊन टीव्हीवर लावली आणि डोळे मिटून ऐकली, बोर्डावर ऐकायची तशी. शिवकांता, तो माझा आवाज आहे. म्हातारा झालाय, घशात अव्वा येऊन बसली आहे, पण माझाच. पहिल्या कॅसेटवरही माझाच. मी तिला मागून धरून बसले होते, माझं तोंड तिच्या खांद्याशी, माइक तिच्या मांडीवर. माझे ओठ हलत होते आणि मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ज्याने ऐकलं असेल त्याला वाटलं असेल, मुलगी रडतेय. ज्या कानाला स्वतःचा आवाज न ऐकायची सवय लावली, त्याच्याकडून आणखी काय होणार?

म्हणजे अव्वाने तुला हाक मारलीच नाही. तिने कुणालाच मारली नाही. ती शिवाकडे गेली, स्वामी म्हणाले तशी, नीट आणि सरळ. तुला हाका मारत बसले होते ती मी. आणि दोन महिने मी एका गेलेल्या बाईवर रुसून होते.

हे लिहून झाल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटत नाही, कारण फीत पुढे चालूच होती. माझ्या हाकेनंतर आम्ही बोलायला लागलो, त्याच्या आधी एक छोटीशी फट आहे. त्या फटीत कॅमेऱ्याने कान पुन्हा मोठा केला, आणि आत कुणीतरी म्हणालं:

“हाव.”

बारीक आवाज. लांबून, वरून आल्यासारखा. सिद्धरामने फीत मागे घेतली. पुन्हा लावली. मग उठून म्हणाला, “मी पानी पिऊन येतो बाई.” तो अजून पाणी पितोय. मिक्सर इथेच पडून आहे, दिवा लागलेला होता तो मी प्लग काढून विझवला. अण्णाकरवी दोनदा निरोप पाठवला की तुझी पेटी घेऊन जा. म्हणतो, “राहू द्या. मी दुसरी घेईन.”

मग मी पहिली कॅसेट लावली. तिसऱ्या हाकेला यंत्र बंद केलं नाही. तिथेही आहे.

ते तुझं नाही, मला ठाऊक आहे. तू नांदेडच्या स्टँडवर होतीस.

महानंदाक्का


लातूर, २७ एप्रिल

शिऊ,

आज सकाळी साखराबाई तोंड फुगवून बसली होती. टँकरच्या रांगेत माझ्याशी बोलेना. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, “काय हुयाचं? शिवकांताबाई माहेराला आल्या, लई दिस झाले, आन् एकदा दारात येऊन भेटल्या न्हाईत. आमी काय परके का?”

मी म्हटलं, कोण आली? तू स्वप्न बघतेस का?

“सपान कशाला? भित एक हाय आपली. रोज दुपारच्याला तुमी शिऊ शिऊ करता, आन् त्या हाव म्हनतात. अव्वा गेल्यापासून ऐकून राहिले मी.”

घागर तिथेच ठेवून मी घरी आले.

मिक्सर बंद, माइक गुंडाळलेला, कॅमेरा कपाटात. त्या सगळ्याची आता गरज नाही. दुपार झाली की मी तोंडात पदर धरून बसते आणि गप्प होते, तेव्हा माझेच कान मोठे होत जातात. आधी घागरी, मग बोअरचं यंत्र, मग माशी. मग ते.

कालपर्यंत माळवदावरून यायचं. आज जिन्याच्या वरच्या पायरीवरून आलं, आणि मी हाक मारायच्या आधी आलं.

मी जन्मभर तुला दोष दिला की हाव म्हणतेस आणि तिथेच बसतेस. तो मी परत घेते. ते बरं होतं. हे हाव म्हणतं आणि येतं.

अण्णा म्हणतो माझ्याकडे राहायला ये. मी अव्वाचं घर सोडणार नाही, आणि पळून जाणं मला कॉन्व्हेंटात शिकवलेलं नाही. पण हाक मारणं मला थांबवता येत नाही, ते आता कळलं आहे. ओठ माझे आहेत पण माझ्या ताब्यात नाहीत. ज्या नावाने हाक जाते त्या नावाचं माणूस घरात असेल, तर उत्तर द्यायला दुसऱ्या कुणाला जागा राहणार नाही. माझी अक्कल एवढंच सांगते.

कॅसेट पाठवत नाही. ती इथेच, टीव्हीवर ठेवली आहे. आपण दोघी बघू. आवाज बंद करून बघू. अव्वाचं तोंड फार छान आलंय, शिऊ. कपाळावरची विभूती जराही पुसलेली नाही.

नांदेडहून पहाटे एक गाडी सुटते, ती दुपारच्या आत लातूरला येते. स्टँडवर बसून राहू नकोस. घरात पाय ठेवणार नाही म्हणाली होतीस, तर दारातूनच बोल, पण मोठ्याने बोल, मला ऐकू येईल असं.

जिना फार उंच नाही, तुला ठाऊक आहे. त्याच्या आधी तू पोच.

अक्का